रॅक बदलण्याआधी: जुन्या गाडीचं जड स्टिअरिंग कसं तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी १६ वर्षांची, हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगची. गेले काही महिने सकाळी पहिली पाच-दहा मिनिटं स्टिअरिंग जड लागतं, मग हळूहळू सुटतं. गाडी लावताना चाक वळवलं की बॉनेटखालून घरघर येते. टाकीतलं ऑइल महिना-दीड महिन्याने थोडं भरावं लागतं. मेकॅनिकने उभ्या गाडीत स्टिअरिंग दोनदा डावी-उजवीकडे फिरवून पाहिलं आणि सांगितलं, रॅक (स्टिअरिंगचं फिरणं डाव्या-उजव्या सरकण्यात बदलून पुढची चाकं वळवणारा भाग) गेलाय, बदलून टाका. खर्च मोठा आहे, तर खरंच रॅकच गेला असेल का?

गेला असेलही. पण दोनदा स्टिअरिंग फिरवून ते कुणालाच सांगता येणार नाही. मी २० वर्षांहून जास्त काळ स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचंच काम करतोय आणि 'रॅक गेला' म्हणून माझ्याकडे आलेल्या कितीतरी गाड्या रॅकला हात न लावता बऱ्या होऊन गेल्यात. रॅक हा या सगळ्या साखळीतला सर्वांत महाग भाग आहे, म्हणून त्याचा नंबर सगळ्यात शेवटी लागायला हवा. बहुतेक ठिकाणी तो सगळ्यात आधी लागतो.

तुमच्या तक्रारी तीन आहेत: जडपणा, आवाज आणि ऑइल कमी होणं. या तिन्हींचं मूळ एकच आहे असं धरून चालू नका. एका गाडीत आवाज टाकीजवळच्या रबरी नळीमुळे येतो, गळती पंपाच्या सीलमधून (ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्यातून) होते आणि जडपणा असतो स्टिअरिंगच्या सांध्यात, म्हणजे ऑइलशी त्याचा काही संबंधच नसतो. जुन्या गाडीत असं सर्रास घडतं, कारण सगळेच भाग एकाच वयाचे असतात. म्हणून प्रत्येक तक्रारीचा धागा वेगळा धरून शेवटपर्यंत जायचं.

त्याआधी ही व्यवस्था कशी चालते ते दोन मिनिटांत बघू, कारण एवढं डोक्यात बसलं की पुढच्या तपासण्या पाठ कराव्या लागत नाहीत. इंजिन चालू असेतोवर बेल्टवर फिरणारा पंप सतत ऑइल ढकलत असतो. चाकं सरळ असताना ते ऑइल नुसतंच गोल फिरतं: पंपातून रॅकच्या व्हॉल्व्हपाशी, तिथून टाकीत आणि परत पंपात. तेव्हा दाब जेमतेम काही बार (दाबाचं एकक) असतो. स्टिअरिंगचा दांडा आणि रॅकचं पिनियन (रॅकला सरकवणारं छोटं दातेरी चाक) यांच्या मध्ये पोलादाची एक बारीक कांडी असते, तिला टॉर्शन बार म्हणतात. तुम्ही स्टिअरिंग वळवता तेव्हा चाकं रस्त्याला धरून बसलेली असतात, त्यामुळे ही कांडी किंचित पिळली जाते. तेवढ्या पिळाने व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल रॅकमधल्या पिस्टनच्या एका बाजूला घुसतं. दुसऱ्या बाजूचं ऑइल टाकीकडे परत जातं. तुमच्या हाताला जी मदत मिळते ती हीच. क्रायस्लरने १९५१ मध्ये इंपीरियल गाडीत पॉवर स्टिअरिंग पहिल्यांदा ग्राहकांना विकलं, तेव्हापासून पंपाच्या दाबाने हाताला मदत करायचं मूळ तत्त्व तेच आहे.

यातून लगेच दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे मदत बंद पडली तरी दांडा, सांधे आणि पिनियन चाकांना जोडलेलेच असतात. गाडी वळते, फक्त जोर लागतो. दुसरी म्हणजे स्टिअरिंग टोकापर्यंत वळवून तसंच दाबून धरलं की ऑइलला जायला जागाच उरत नाही. दाब चढत जातो आणि पंपातला रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो. बऱ्याच प्रवासी गाड्यांत हे साधारण ७० ते १०० बारच्या आसपास होतं. त्या वेळी जी घरघर किंवा फुसफुस येते ती निरोगी गाडीतही येते. तेव्हा तुमच्या आवाजाबद्दल माझा पहिला प्रश्न हा: स्टिअरिंग टोकाला टेकल्यावरच आवाज येतो, की टोकाच्या आधी, निम्म्या वळणावरही येतो? फक्त टोकाला येत असेल तर ती तक्रारच नाही, पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवायचं नाही एवढंच. तिथे ऑइल फार झपाट्याने तापतं आणि त्या उष्णतेने सील कडक होतात. निम्म्या वळणावरही येत असेल तर पुढे वाचा.

आता जडपणा. पान्याला हात लावायच्या आधी पुढच्या दोन्ही टायरमधली हवा मोजा. एवढी साधी गोष्ट सांगतोय म्हणून राग मानू नका, हवा कमी असलेल्या टायरमुळे जड झालेलं स्टिअरिंग मी दरवर्षी बघतो. रुंद टायर नुकतेच बसवले असतील तरी हात भरून येतात.

मग गाडी सपाट जागी घ्या, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा, पुढचा भाग जॅकने उचला आणि स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. इंजिन बंद ठेवा, किल्ली फिरवून स्टिअरिंगचं लॉक सोडवा आणि दोन बोटांनी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. व्यवस्थेत ऑइल आहे, ते ढकलावं लागतं, म्हणून थोडा जोर लागेलच. पण तो सगळीकडे सारखा लागायला हवा, पातळ चिखलातून पळी फिरवल्यासारखा. मध्येच अडकत असेल किंवा जड-हलकं-जड-हलकं असं होत असेल, तर दुखणं ऑइलचं नाही, लोखंडाचं आहे.

एका फेरीत दोनदा जड लागत असेल तर सरळ स्टिअरिंगच्या खालच्या सांध्याकडे जा. दांडा जिथे रॅकला मिळतो तिथे एक युनिव्हर्सल जॉइंट असतो. तो बऱ्याचदा चाकाकडून उडणाऱ्या पाण्याच्या वाटेत आणि एक्झॉस्टच्या उष्णतेत बसलेला असतो. आतलं ग्रीस सुकतं, बेअरिंगच्या बारीक सुया गंजतात आणि सांधा एका दिशेने आखडतो. माझ्याकडे एक गाडी आली होती, रॅक नवा बसवलेला, पंपही बदललेला, पण स्टिअरिंग होतं तसंच. मालक इतका हताश झालेला की गाडी विकायला निघाला होता. मी बोल्ट सोडवून तो सांधा हातात घेतला. एका बाजूला तो बिजागरीसारखा दुमडला. दुसऱ्या बाजूला दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा करकरत जेमतेम हलला आणि त्याच्या मधल्या क्रॉसच्या खोबणीतून लालसर गंजाची पूड माझ्या तळहातावर पडली. त्या माणसाने एका सांध्यापायी रॅक आणि पंप दोन्हींचे पैसे मोजले होते. तेव्हापासून हा सांधा हाताने चाचपल्याशिवाय मी रॅकबद्दल तोंड उघडत नाही.

सांधा चांगला असेल तर आणखी दोन जागा बघा. शॉक अॅब्सॉर्बरच्या वरचं बेअरिंग सुकलं की स्प्रिंग चाकाबरोबर गुळगुळीत फिरत नाही, ताण धरून ठेवते आणि मग एकदम झटका देऊन सुटते. यासाठी गाडी पुन्हा जमिनीवर घ्या, एकाला आत बसून स्टिअरिंग फिरवायला सांगा आणि तुम्ही स्प्रिंगच्या बाहेरच्या अंगाला बोटांचा हलका स्पर्श ठेवा, बोट वेटोळ्यांच्या मध्ये घालू नका. बेअरिंग गेलं असेल तर बोटांना ठक्ककन उसळी जाणवते. दुसरी जागा खालचा बॉल जॉइंट, म्हणजे चाकाला वळू देणारा गोळ्याचा सांधा. तो आखडला की वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही, हाताने आणावं लागतं. तुमच्या वर्णनात हे नाही, पण बघून ठेवा.

तुमचा जडपणा सकाळी असतो आणि गाडी तापली की जातो, ही खूण मोलाची आहे. जडपणा कधी येतो हे मी गाडीच्या मालकाला खोदून खोदून विचारतो, कारण निम्मं उत्तर त्यात असतं. गाडी थंड असताना ठीक आणि तासभर चालून तापल्यावर जड, असं असेल तर बहुधा पंप झिजलाय किंवा रॅकच्या आतली सील दाब धरत नाहीत. गरम ऑइल पातळ होतं आणि झिजलेल्या फटींतून निसटतं. दाट असताना तेच ऑइल फट बुजवतं. उलट, थंड असताना जड आणि तापल्यावर हलकं असेल तर संशयित वेगळे. एक, जुनं घट्ट झालेलं किंवा चुकीचं ऑइल. दोन, दमट सकाळी घसरणारा बेल्ट. तीन, पंपाच्या आतली पाती खाचांमध्ये चिकटलेली, जी गरम झाल्यावर मोकळी होतात. आणि चार, रॅकच्या व्हॉल्व्हवरच्या टेफ्लॉनच्या कड्यांनी आजूबाजूच्या धातूत खाचा पाडलेल्या. थंड असताना कडी त्या खाचेत नीट बसत नाही, ऑइल बाजूने निसटतं, तापली की फुगून पुन्हा बसते. हा चौथा बिघाड खरोखर रॅकचा आहे आणि तो असेल तर तुमचा मेकॅनिक बरोबर ठरेल. पण त्याच्या आधीचे तीन स्वस्त आहेत.

आणखी दोन बारीक प्रश्न. इंजिन आयडलवर (रेस न देता नुसतं चालू) असताना जड आणि १५०० आरपीएमवर (मिनिटाला १५०० फेरे) रेस दिल्यावर हलकं होतं का? होत असेल तर पंप किंवा बेल्टकडे बोट जातं. आणि एकाच दिशेला जड लागतं का? पंपाला डावं-उजवं कळत नाही, तो फक्त दाब देतो. टायर, सांधे, अलाइनमेंट ठीक असून एकाच बाजूला मदत कमी मिळत असेल तर दोष रॅकमध्ये किंवा त्याच्या व्हॉल्व्हमध्येच शोधायचा. जडपणा दोन्ही बाजूंना सारखा असेल तर रॅकवरचा संशय थोडा कमी होतो, संपत मात्र नाही.

आता आवाजाचा धागा. बेल्टचा आवाज आणि पंपाचा आवाज यांत गल्लत करू नका. बेल्ट किंचाळतो: तीक्ष्ण, चिरका आवाज, स्टिअरिंग झटकन वळवताच येणारा. बेल्टच्या आतल्या बाजूला हात फिरवा (इंजिन बंद आणि किल्ली खिशात ठेवून). आरशासारखी चकाकी आणि कडकपणा लागला, किंवा ऑइल लागलेलं दिसलं, तर नुसता ताणू नका, बदला. तुमची 'घरघर' वाटते ती पंपाची. ती इंजिनच्या वेगाबरोबर चढते-उतरते आणि वळवताना जोर धरते. पंप असा कण्हतो तेव्हा दहातल्या आठ वेळा पंप खराब नसतो, उपाशी असतो. त्याला पुरेसं ऑइल मिळत नाही किंवा ऑइलबरोबर हवा मिळते.

हवेची तपासणी अगदी सोपी आहे. इंजिन चालू ठेवून टाकीत बघा. ऑइल स्वच्छ दिसायला हवं. ते दुधाळ दिसत असेल, बारीक बुडबुड्यांनी फेसाळलेलं असेल, तर हवा आत शिरतेय. मग पातळी कुठे आहे ते लक्षात ठेवून इंजिन बंद करा. व्यवस्थेत हवा असेल तर पातळी वर चढते, कारण चालू असताना दाबली गेलेली हवा फुगते. ५ मिलिमीटरपेक्षा जास्त चढली तर हवा नक्की आहे.

ही हवा येते कुठून? इथे बरेच लोक फसतात. टाकीतून पंपाकडे जाणारी जाड रबरी नळी ऑइल ओढून घेणाऱ्या बाजूला असते. तिथे दाब नसतो, ओढ असते. म्हणून तिथली फट ऑइल बाहेर टाकत नाही, हवा आत घेते. इंजिन बंद असताना एखादा थेंब पाझरला तर पाझरला. माणूस खाली वाकून बघतो, सगळं कोरडं, आणि म्हणतो गळती नाही. नळीची टोकं कडक होऊन क्लॅम्पखाली सैल बसलेली असतात, किंवा नळी पंपात जिथे शिरते तिथली छोटी ओ-रिंग (रबरी कडं) चपटी झालेली असते. मी जुनी ओ-रिंग काढून नवी शेजारी ठेवतो आणि मालकाला दाखवतो: नवी गोल, मऊ, जुनी चौकोनी कडांची आणि नखाने दाबली तर तुटणारी. घरी तपासायचं तर इंजिन आयडलवर ठेवून त्या सांध्याभोवती ब्रशने स्वच्छ पॉवर स्टिअरिंग ऑइलचा जाड थर लावा. बाही आणि ब्रश बेल्टपासून दूर राहू द्या. काही क्षण आवाज बदलला किंवा थांबला, तर चोर सापडला.

हवा नसेल आणि तरी पंप कण्हत असेल तर टाकी बघा. कितीतरी गाड्यांत टाकीच्या तळाशी बारीक जाळी असते आणि ती कधी कुणी साफ करत नाही. रबराची काळी पूड आणि घट्ट झालेला गाळ तिच्यात अडकतो. टाकी काढून रिकामी करा आणि उजेडासमोर धरा. जाळीतून उजेड आरपार दिसत नसेल तर पंप १६ वर्षांच्या कचऱ्यातून ऑइल शोषतोय. जाळी काही टाक्यांत साफ होते, काहींत टाकीच बदलावी लागते. बदलावी लागली तरी पंपापेक्षा टाकी कितीतरी स्वस्त.

टाकी उघडलीच आहे तर ऑइलचा एक थेंब पांढऱ्या टिश्यू पेपरवर टाका. नवं ऑइल लालसर, हिरवट किंवा फिकट पिवळं असतं, गाडीप्रमाणे. थेंब पसरून मधे काळा डाग राहिला तर ते रबर आहे, नळ्या आणि सील झडताहेत. जळका वास आला तर ऑइल भाजून निघालंय. उन्हात धरल्यावर चांदीसारखे कण चमकले तर पंप आतून स्वतःलाच खातोय. मग पंप बदलणं आणि सगळे पाइप धुऊन काढणं याला पर्याय नाही. त्या कणांसकट नवा रॅक बसवला तर तोही खराब होईल.

ऑइल कोणतं टाकायचं हे टाकीच्या झाकणावर आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, तेच टाका. काही गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरचं लाल ऑइल चालतं, काहींना वेगळं हिरवं हायड्रॉलिक ऑइलच लागतं. रंग सारखा म्हणजे ऑइल सारखं असं मुळीच नाही. तुम्ही गेले काही महिने जे वरचेवर भरताय ते कोणतं, हे बाटली बघून नक्की करा. आणि ब्रेक ऑइल चुकूनही या टाकीत जाऊ देऊ नका. या व्यवस्थेतलं रबर त्याने फुगतं, मऊ पडतं, आणि मग खरोखरच पंप, रॅक सगळं बदलावं लागतं.

तिसरा धागा गळतीचा. ही व्यवस्था बंदिस्त आहे, इथे ऑइल 'वापरलं' जात नाही. पातळी उतरली म्हणजे ते कुठेतरी गेलं. सगळा भाग आधी डिग्रीजरने धुवा, कोरडा करा, दोन-तीन दिवस गाडी चालवा आणि मग टॉर्च घेऊन बघा. ओला दिसणारा सगळ्यात वरचा भाग म्हणजे गळतीची जागा, कारण थेंब खाली ओघळतो आणि वाऱ्याने मागे उडतो. दाबाचा पाइप जिथे रबरातून धातूत जातो ती चेपलेली जागा बघा. पंपाच्या पुलीच्या मागे बघा, शाफ्टचं सील गेलं असेल तर बेल्टच्या रेषेत ऑइल शिंपडलेलं असतं. रॅकवर जिथे दांडा आत शिरतो तिथलं वरचं सील बघा.

आणि मग रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट, म्हणजे घडीदार आवरणं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे दडलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. बुटाचा छोटा क्लॅम्प सोडवा, टाय रॉडकडचं (रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याकडचं) टोक हाताने मागे सारा आणि आत बोट घाला. आत ग्रीसची चिकट ओल असणं ठीक आहे. पण पातळ ऑइल बोटावरून ओघळलं, किंवा बूट दाबल्यावर आत खुळखुळलं, तर रॅकचं टोकाचं सील गेलंय, ते बाहेरून बरं होत नाही. बऱ्याच रॅकमध्ये दोन्ही बुटांना जोडणारी हवेची बारीक नळी असते, त्यामुळे एका टोकाचं ऑइल दुसऱ्या बुटात सापडू शकतं, दोन्ही बघा. बूट फाटलेला असेल तर रॅकचा दांडा चाचपून बघा. पाणी आत गेलं की चकचकीत दांड्यावर गंजाचे खड्डे पडतात आणि प्रत्येक वळणाला ते सीलवरून कानशीसारखे घासतात. अशा दांड्यावर नुसतं नवं सील बसवून दिलं तर महिन्या-दोन महिन्यांत गळती परत येते. ते काम मी करत नाही.

सगळं कोरडं असूनही ऑइल कमी होत असेल तर एक विसरलेली जागा आहे. काही जुन्या गाड्यांत स्टिअरिंगचा भार आल्यावर आयडल वाढवण्यासाठी पंपावर छोटा व्हॉल्व्ह असतो आणि त्यातून बारीक रबरी नळ्या इंजिनच्या इनटेककडे (हवा आत घेणाऱ्या वाटेकडे) जातात. तो व्हॉल्व्ह आतून फाटला की इंजिनच ऑइल ओढून जाळून टाकतं. नळी उपसून बघा, आत ऑइल असेल तर तेच. एक्झॉस्टमधून पांढुरका धूर येत असेल तर आणखी खात्री. नव्या पद्धतीच्या गाड्यांत तिथे फक्त दाबाचा स्विच असतो. तो बिघडला तर वळवताना इंजिन घुसमटतं किंवा बंद पडतं, स्टिअरिंग मात्र हलकंच राहतं.

गळती थांबवणाऱ्या बाटल्यांबद्दल लोक हमखास विचारतात. ती औषधं रबर फुगवतात. नुकतंच पाझरू लागलेलं सील त्याने काही काळ थांबतं, हे खरं. पण फाटलेलं सील, गंजलेला दांडा किंवा सैल क्लॅम्प यावर त्यांचा काहीही उपयोग नाही. ज्या गाडीचं काम करायचंच आहे तिच्यात मी ती टाकत नाही.

एवढं करून संशय रॅक आणि पंप या दोघांवरच उरला, तर निकाल मीटरने लावायचा. पंप आणि दाबाचा पाइप यांच्या मध्ये प्रेशर गेज लावतात, त्याला रॅकच्या बाजूला बंद करण्याची तोटी असते. ऑइल कामाच्या तापमानाला आणायचं, इंजिन आयडलवर ठेवायचं आणि तोटी पूर्ण बंद करून गेजवरचा आकडा बघायचा. पाच सेकंदांच्या आत तोटी उघडायचीच, नाहीतर पंप जळेल. तोटी बंद असताना पंप गाडीच्या पुस्तकात दिलेला दाब देत नसेल तर पंप किंवा त्याचा रिलीफ व्हॉल्व्ह दोषी, रॅकला बोल लावू नका. दाब पूर्ण आला, तर तोटी उघडून स्टिअरिंग एका टोकाला धरायचं. आता तेवढाच दाब दिसायला हवा. तो खाली राहिला तर ऑइल रॅकच्या आतूनच निसटतंय. मग दुसऱ्या टोकाला तेच करून बघायचं. तुमच्या गाडीत जडपणा थंड असताना येतो, म्हणून ही चाचणी रात्रभर उभ्या गाडीवरही एकदा करून घ्या. पुस्तकातला आकडा गरम ऑइलसाठीचा असतो, त्यामुळे थंड गाडीत आकड्याशी नाही, तर तोटी बंद असतानाच्या दाबाशी टोकाचा दाब ताडून बघायचा. फक्त गरम गाडीत मोजलं तर तुमचा दोष कदाचित लपून राहील.

ही चाचणी अर्ध्या-पाऊण तासाची आहे. ती न करता रॅक बदला म्हणणाऱ्याकडे गाडी सोडू नका.

तुमची गाडी हायड्रॉलिक आहे, पण याच वयाच्या कितीतरी गाड्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या आहेत, त्यांच्यासाठी दोन ओळी. तिथे ऑइल नाही, म्हणून आधी बॅटरी, अल्टरनेटर आणि अर्थिंगची वायर तपासा. इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट आणि चालू असताना १३.८ ते १४.४ मिळायला हवेत. जागच्या जागी स्टिअरिंग वळवताना मोटर खूप करंट ओढते आणि गंजलेलं अर्थिंग तेव्हाच दगा देतं. सतत वळवत राहिल्यावर जड होऊन थोड्या वेळाने पूर्ववत होत असेल तर मोटर तापू नये म्हणून कंट्रोलरच मदत कमी करतोय, तो बिघाड नाही.

काहीही उघडलं, ओ-रिंग का असेना, तरी नंतर हवा नीट काढावी लागते. पुढची चाकं उचललेली, इंजिन बंद, टाकी भरलेली. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकाला सावकाश १५-२० वेळा न्यायचं आणि पातळी उतरेल तसं ऑइल भरत राहायचं. बुडबुडे थांबले की इंजिन सुरू करायचं, पुन्हा काही फेऱ्या करायच्या, टोकाला दाबून धरायचं नाही. अर्धा तास गाडी उभी ठेवून पुन्हा बघायचं. घाईघाईत इंजिन आधी सुरू केलं तर पंप हवा घुसळून ऑइलचा फेस करतो आणि मग आवाज जायला दोन दिवस लागतात. कितीतरी लोक त्या आवाजाला घाबरून नवा पंप परत करतात.

आता तुमच्या गाडीपुरतं. वर्णनावरून मला हवा शिरतेय असं वाटतं, सोबत जुनं ऑइल, आणि कुठेतरी छोटी गळती. मी असतो तर क्रम असा धरला असता: टायर, सांधा हाताने, बेल्ट, टाकीतला फेस, बुटांत बोट. बूट कोरडे निघाले तर ओढीच्या बाजूची नळी, क्लॅम्प आणि ओ-रिंग नवी घालायची, टाकी साफ करायची, सगळं ऑइल बदलायचं, हवा काढायची आणि पंधरा दिवस सकाळचं स्टिअरिंग कसं लागतं ते बघायचं. तरीही सकाळी जड राहिलं तर थंड गाडीवर प्रेशर गेज. त्यात तोटी बंद असताना दाब भरपूर आणि टोकाला कमी असं आलं, किंवा आधीच बुटातून ऑइल ओघळलं, तर रॅक बदला. तेव्हा तो खर्च योग्यच असेल. नव्या रॅकसोबत दोन्ही बूट नवे, जुनं ऑइल पूर्ण बाहेर आणि काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट, हे तिन्ही आधीच ठरवून घ्या.

तोपर्यंत गाडी चालवायला हरकत नाही, पण तीन परिस्थितींत ती बाहेर काढू नका. ऑइल गरम एक्झॉस्टवर ठिबकत असेल तर, कारण ते पेट घेऊ शकतं. दाबाच्या पाइपला फुगा आलेला दिसला तर. आणि स्टिअरिंग वळणाच्या मध्येच क्षणभर जरी अडकलं तर. अशा वेळी गाडी उचलून न्यायची.